साहेबाला बावळट करू नका, कागदाला बोलू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फिल्म क्लबात ‘ब्लॅक अँड व्हाइट इन कलर’ पाहिलात आणि त्याच धर्तीवर १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाच्या काळातल्या नागपूरवर अर्ध्या तासाचा उपहासपट करावा असं मनात आलं. संहिता लिहिली, मित्रांना वाचून दाखवली. हसलं कुणीच नाही. वर एक जण म्हणाला की ही स्वातंत्र्यसैनिकांची टिंगल आहे. काय चुकतंय, असं तुम्ही विचारलंत आणि संहिताही पाठवलीत.

टिंगलीचा आरोप मला पटला नाही. टिंगल करायची तरी आधी माणूस ओळखावा लागतो, आणि तुमच्या संहितेत अजून माणूसच आलेला नाही. सोला टोपी आली आहे, पंख्याची दोरी ओढता ओढता झोपलेला पंखेवाला आला आहे (हा शॉट आता कायमचा बंद करा, राजेहो), ‘टुम काला आडमी’ म्हणणारा कलेक्टर आला आहे आणि तो शेणावरून घसरलाही आहे. नाटक-सिनेमात इतकी वर्षं घालवल्यावर एवढं नक्की सांगतो, साहेब घसरला की प्रेक्षक फार तर एकदा हसतो. दुसऱ्यांदा त्याच्या मनात प्रश्न येतो: हा असला बावळट होता, तर सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईपासून १९४७ पर्यंत १३० वर्षं आमच्यावर राज्य कसं केलं यानं? म्हणजे बावळट कोण ठरलं?

साहेब हुशार असू द्या. शांत, कामसू, वेळेवर येणारा, जमलं तर थोडं मराठी समजणारा. हसू त्याच्या मूर्खपणातून यायला नको. नियमच वेडा आहे आणि त्या नियमात सगळे अगदी शहाण्यासारखे वागत आहेत, यातून ते आलं पाहिजे. तुम्ही पाहिलेल्या चित्रपटाचा जीव यातच आहे. आफ्रिकेतल्या एका आडगावी फ्रेंच व्यापारी, पाद्री आणि शेजारच्या ठाण्यातले जर्मन गुण्यागोविंदानं राहत असतात. पहिलं महायुद्ध सुरू झाल्याची बातमी उशिरा आलेल्या टपालातून कळते. मग आपणही देशभक्त असायला हवं, म्हणून ते शेजाऱ्यांवर चाल करून जातात, आणि लढायला व मरायला अर्थातच स्थानिक आफ्रिकी माणसं पुढं. ज्याँ-जाक आनो या फ्रेंच दिग्दर्शकाचा तो पहिला चित्रपट. ऑस्करला तो आयव्हरी कोस्टच्या नावानं गेला आणि परदेशी भाषेतल्या चित्रपटाचं पारितोषिक घेऊन आला. त्यातला सर्वांत धोकादायक माणूस कोण, आठवा. शिकलेला, समाजवादी विचारांचा, सुरुवातीला सगळ्यांत समंजस वाटणारा तरुण भूगोल-अभ्यासक. हातात अधिकार आल्यावर तोच बदलतो. तुमच्या संहितेत बदलणारं कुणीच नाही. पहिल्या पानावर जो वाईट तो शेवटच्या पानावरही वाईट, आणि जो चांगला तो शेवटी वंदे मातरम् म्हणतो.

पण त्या चित्रपटाची नक्कल नागपुरात करू नका. तो गोऱ्यांनी गोऱ्यांना काढलेला चिमटा आहे, त्यातल्या आफ्रिकी माणसांना बोलायला फारसं मिळत नाही. आपल्याला आपल्याच लोकांकडं बघायचं आहे आणि त्यासाठी या गावाकडं घसघशीत माल पडून आहे.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले, मुलगा नव्हता. दत्तक मान्य झालं नाही आणि १८५४ साली डलहौसीनं राज्य खालसा केलं. एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. त्यानंतर जे झालं ते तुमच्या कामाचं आहे. राजवाड्याचा लिलाव झाला. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झालं. सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असं बांकाबाई म्हणाल्याचं इंग्रज इतिहासकारानंच लिहून ठेवलं आहे. त्या दुसऱ्या रघूजींच्या विधवा, तोवर चांगल्याच वृद्ध झालेल्या. आणि याच बांकाबाईंनी १८५७ मध्ये इंग्रजांची बाजू धरून नागपूर शांत ठेवलं. मग काय झालं? ज्या मुलाचं दत्तक १८५४ ला चालत नव्हतं, त्याच जानोजीला बंडानंतर सरकारनं ‘राजाबहादूर ऑफ देऊर’ केलं. देऊर कुठं, तर सातारा जिल्ह्यात. राज्य नागपूरचं गेलं आणि किताब साताऱ्याकडच्या गावाचा आला! ही पटकथा कुणी लिहून आणली असती तर मी ‘फार ताणलंय’ म्हणून परत केली असती.

इथं एक क्षण थांबा आणि विचार करा की नागपूरकरांनी या बाईंचं काय केलं. पोळ्याच्या पाडव्याला, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते. काळी आणि पिवळी, दोन्हींची परंपरा १८८० च्या दशकापासूनची. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेल्या बांकाबाई, असं जुने लोक सांगत आले आहेत. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत तिला गावाबाहेर न्यायचं आणि जाळायचं. सोबत बडगे: त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा, गळ्यात पाटी आणि पाटीवर शिवीच्या अलीकडची कविता. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, मधूनच एखाद्या परदेशी राष्ट्राध्यक्षाचाही. म्हणजे परकी सत्तेखाली भर इतवारीतून, देवाधर्माच्या नावाखाली, राजकीय उपहासाची मिरवणूक काढायची रीत या गावानं स्वतःच शोधून काढली. साहेबानं थांबवायची कशी? पोळ्याचा सण आहे, रोगराई घालवतात, एवढंच कागदोपत्री.

तुमच्या संहितेत मारबत नाही. नागपूरवरच्या उपहासपटात मारबत नाही, हे मला कळलंच नाही. पण आणाल तेव्हा नुसती रंगीत मिरवणूक म्हणून आणू नका. बांकाबाईंची बाजूही ठेवा. जिचं घर लिलावात काढलं, तीच त्या लिलाव करणाऱ्यांशी इमान राखते. ती भ्याली, की हिशेबी होती, की नातवंडांसाठी जे हाती लागेल ते राखत होती? यातलं एकच उत्तर निवडलंत की पात्र मेलं.

याच जातीचं आणखी थोडं, घाईत सांगतो. जमशेटजी टाटांनी नागपूरची कापड गिरणी सुरू केली ती १ जानेवारी १८७७ ला. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस मिल. पुढं स्वदेशीचा जोर आला तेव्हा देशी कापड म्हणून अंगावर चढायचं ते ‘सम्राज्ञी’च्या गिरणीचं. दुसरं, १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण तो असा उमटला की लोकांना डुक्कर दिसलं. बोभाटा झाला, नाणी मागं घेतली गेली आणि १९१२ ला नीट सोंडेचा हत्ती आला. साम्राज्याची टांकसाळ सोंडेपायी अडली. तुमच्या संहितेतला सावकार १९२३ मध्ये रुपया वाजवून बघतो, त्या जागी तो हत्ती निरखून बघू लागला तर संवाद लागणारच नाही.

आता मुख्य प्रसंगाकडं. सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे साहेबांच्या वस्तीत, काँग्रेसचा झेंडा घेऊन मिरवणूक नेऊ देणार नाही, असा हुकूम होता. १ मे १९२३ पासून नागपुरात सत्याग्रह सुरू झाला. स्वयंसेवकांच्या तुकड्या यायच्या, हद्दीवर पकडल्या जायच्या, पुढची तुकडी यायची. जमनालाल बजाज पकडले गेले, मग सूत्रं वल्लभभाई पटेलांकडं आली. देशभरातून माणसं येऊन इथल्या तुरुंगात बसली. तुम्ही या सगळ्याचा एक लाठीमार केला आहे, मागं संथ वाद्यसंगीत. लाठीमार गंभीर चित्रपटात ठेवा. उपहासाला लागतो तो हुकुमाचा कागद आणि तो वाचणारी माणसं. मी असं लिहीन (काल्पनिक आहे, इतिहास म्हणून कुणाला सांगू नका):

हद्दीवर दुपार. एक म्हातारा झेंडा घेऊन येतो.

जमादार: मिरवणूक कुठं निघाली?
म्हातारा: मिरवणूक कायची जी? मी त एकटाच आहो.
जमादार: हातात झेंडा आहे ना पण!
म्हातारा: आहे ना. झेंडा एक, मी एक.
जमादार (शिपायाला): एकट्याची मिरवणूक होते काय बे?
शिपाई: दोघांची होत असन. एकट्याची... बाबूले विचारा लागन.
बाबू (कागद पाहून): मिरवणूक म्हणून लिवून आहे. किती जणांची, ते नाही लिवलं.
जमादार: मंग?
बाबू: वर विचारा लागते.
म्हातारा: मंग मी बसू काय तवरिक? पाय दुखून राहिले.

बसायला स्टूल येतं. म्हातारा चंची काढतो, पण झेंडा खाली टेकवायचा नाही असं त्याला सांगून पाठवलं आहे. तो शिपायाला म्हणतो, ‘धर बरं बापू जरासा, तंबाखू मळतो.’ शिपाई धरतो. आपल्या बापाच्या वयाचा माणूस आहे, नाही कसं म्हणणार? आणि शिपाई उभा आहे हद्दीच्या एक पाऊल आत. बाबू चष्मा वर करून पाहतो. आता सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन एक इसम दाखल झाला आहे आणि तो सरकारी पगारावर आहे. जमादारानं काय करायचं?

यात कुणीच मूर्ख नाही. जमादाराला नोकरी टिकवायची आहे, बाबूला चुकीचं काही लिहायचं नाही, शिपाई चांगल्या वळणाचा आहे, म्हाताऱ्याला तंबाखू हवी आहे. साहेब या प्रसंगात दिसतसुद्धा नाही. टेबलावरची घंटा, लाल फीत, लाखेची मोहर आणि सही करणारा हात, एवढ्यावर पूर्ण साहेब उभा राहतो. गोरा नट आणायचा खर्च वाचतो आणि ‘टुम’ची कटकटही संपते.

स्वातंत्र्यसैनिकांची टिंगल, हा आरोपही इथंच गळतो. म्हातारा हसवतो, पण त्याच्यावर कुणी हसत नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसदला बापूजी अणे यांच्यासह लोकांनी राखीव जंगलातलं गवत कापून अटक करून घेतली होती. विळ्यानं गवत कापायचं आणि त्यासाठी सरकारनं फौजदारी करायची. ज्यांनी हे आखलं त्यांना विनोद कळत नव्हता असं समजू नका. सरकारला हास्यास्पद व्हायला भाग पाडणं, ही त्यांची चालच होती.

आता जो मुद्दा तुम्ही टाळलात, आणि टाळलात म्हणूनच संहिता गुळचट झाली. १९२० साली नागपुरात दोन मोठ्या परिषदा झाल्या. डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन, ज्यात असहकारावर शिक्कामोर्तब झालं. ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याआधी उन्हाळ्यात याच गावात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, अध्यक्षस्थानी शाहू महाराज, व्यासपीठावर तरुण आंबेडकर. तीन वर्षांनी झेंडा हद्द ओलांडायला निघतो, तेव्हा या गावात दुसऱ्याही हद्दी आहेत, आणि त्या साहेबानं आखलेल्या नाहीत. तुमच्या प्रसंगात भर मे महिना आहे. नागपूरचा मे. सकाळपासून एकमेकांसमोर ठाकलेले शिपाई आणि स्वयंसेवक दुपारी तहानेनं कासावीस झाले आहेत. मिलची पाळी संपवून जाणारा एक कामगार मडकं भरून आणतो, ‘घ्या जी’ म्हणतो. आणि सकाळपासून एकाही गोष्टीवर ज्यांचं जमलं नाही, ते दोन्ही पक्ष त्या मडक्याकडं बघून एका क्षणात एकमत होतात. कुणी पीत नाही. कामगार मडकं उचलतो आणि विचारतो, ‘हे कोणत्या कलमात बसते?’ हा प्रसंग लिहिलात तर भांडणं होतील, स्क्रीनिंगनंतर कुणी तरी उठून बोलेल. बोलू द्या. पण तो विनोदी ढंगात चित्रित करू नका, कॅमेरा लांब ठेवा आणि संगीत अजिबात नको.

त्या काळच्या लेखकांनी काय केलं, हेही जरा पाहून घ्या. कलकत्त्यात प्रिन्स ऑफ वेल्सची खातिरदारी करणाऱ्या एका वकिलावर प्रहसन झालं, त्याच्या पाठोपाठ १८७६ ला नाट्यप्रयोगांचा कायदा आला. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ चं, त्यावर १९१० ला बंदी. नाटकात महाभारताबाहेरचं काही नाही, पण कीचक म्हणजे कर्झन हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही कळत होतं. गंमत बघा, बंदी घालायची तर आधी सरकारला मान्य करावं लागतं की हा कीचक आमचाच माणूस दिसतो. ज्या अधिकाऱ्यानं त्यावर टिपण लिहिलं असेल त्याची मला फार दया येते. आपल्याकडची खडी गंमत, हे विदर्भातलं लोकनाट्य, बघितलीत तर तिथला सोंगाड्या आजही असाच आडून मारतो. आज तुम्हाला सगळं उघड बोलता येतं, म्हणून तुमची पात्रं सगळं उघड बोलतात. ‘हे जुलमी सरकार आपल्याला लुटत आहे’ हे वाक्य संहितेत तीनदा आहे. तिन्ही काढा.

तपशिलातल्या काही गोष्टी. तुमच्या झेंड्यात वर केशरी पट्टा आहे. १९२३ चा झेंडा तसा नव्हता: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि त्यावर चरखा. केशरी-पांढरा-हिरवा १९३१ चा. ही चूक पहिल्याच फ्रेममध्ये दिसेल आणि जाणता प्रेक्षक तिथंच तुमच्यावरचा विश्वास काढून घेईल. बाबू आणि जमादार आपसात पुणेरी बोलतात, तेही बदला. ‘करून राहिलो’, ‘मले’, ‘काहून’ हे फक्त गरीब पात्रांच्या तोंडी घातलं की बोली म्हणजे अडाणीपणा होतो. तुमच्या रावबहादुरालाही घरात बायकोशी वऱ्हाडी-नागपुरी बोलू द्या, बाहेर आल्यावर त्याची भाषा इस्त्री केलेली निघू द्या.

लोकेशनसाठी सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांवर डोळा ठेवून बसू नका. बहुतेकांत सरकारी कार्यालयं किंवा निवासस्थानं आहेत, परवानगीच्या फायलीतच तुमचा चित्रपट होऊन जाईल. कामठीला छावणी भागात जुनी घरं मिळतात, आतले प्रसंग महाल या जुन्या वस्तीतल्या एखाद्या वाड्यात. सीताबर्डीवर तर जाऊच नका, मेट्रो आणि हॉर्न यांच्यात १९२३ मिळणार नाही. हद्दीचा रस्ता म्हणजे दोन झाडं, एक दगड आणि धूळ. फ्रेम घट्ट ठेवा. आवाजाचं काम स्टुडिओत पुन्हा करावं लागेल असं धरूनच बजेट मांडा. संगीताला ढोलकी आणि तुणतुणं पुरे. साहेब आला की वाजणारं ते ‘पों पों’ आधी पुसून टाका.

थिएटरात तिकीट लावून दाखवायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल. कॉलेज, क्लब, महोत्सव इथं सुरुवात करा आणि मग ठरवा.

राहिला शेवट. तुम्ही फडकत्या झेंड्यावर चित्र गोठवलं आहे. प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १९२३ ला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली, कुणी अडवलं नाही. मग वाद रंगला तो यावर, की परवानगी मागितली होती की नुसतं कळवलं होतं. दोघांनाही आपणच जिंकलो असं म्हणायचं होतं. म्हणजे इतक्या अटकांनंतर, इतक्या तुरुंगवासानंतर गोष्ट परत कागदावरच येऊन बसली. तुमचा शेवट तोच आहे, तुम्हाला फुकट मिळालेला. मिरवणूक लांबून ऐकू येत असताना बाबूला फाईल बंद करायची आहे. रकाना एकच: परवानगी दिली की नाकारली. तो काय लिहितो ते तुम्ही ठरवा. रकाना कोरा सोडून देतो, असं काव्य मात्र करू नका. बाबू रकाना कोरा सोडत नसतो.